कँटोनीज बोलीतले वाक्प्रचार: शिकायचे कसे, कुणाशी वापरायचे आणि कुठे गप्प बसायचं

कँटोनीज, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनकडची चिनी बोली, तिच्या स्लँगचा अर्थ पाठ करणं सोपं आहे, अर्ध्या तासात वीस वाक्प्रचार होतात. अवघड असतं ते कुणी कुणाला म्हणायचं. एकच वाक्प्रचार मित्र हसून घेतो आणि साहेबाला बोलला तर तो दिवसभर तोंड फिरवून बसतो. म्हणून हा लेख अर्थांची यादी म्हणून वाचू नका, प्रसंगानुसार वाचा. हाँगकाँग, मकाव, ग्वांगझू, क्वालालंपूर यापैकी कुठेही नोकरीला जाणार असाल किंवा व्हँकूव्हर-टोरांटोला शेजारी कँटोनीज बोलणारे असतील तरी हे उपयोगी पडेल, पण माझी बहुतेक उदाहरणं हाँगकाँगच्या बोलीतली आहेत कारण स्लँगची खरी फॅक्टरी तिथेच आहे.

आधी कान आणि जीभ

ही पायरी सोडून पुढे जाऊ नका प्लीज. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत, सूर बदलला की शब्दच बदलतो. "माइ" खालच्या सुरातून वर नेलं तर विकत घेणं, खालच्याच सुरात सपाट ठेवलं तर विकणं. सूर लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती आहे, 3-9-4-0-5-2 हे आकडे कँटोनीजमध्ये म्हणायचे: साम, कौ, सेइ, लिंग, ङ्, यि. यात पहिला ते सहावा असे सगळे सूर क्रमाने येतात. रोज अंघोळ करताना म्हणा, पंधरा-वीस दिवसांत कानाला फरक कळायला लागतो.

आता मराठी माणसाचा फायदा. ज्युत्पिंग नावाची रोमन पद्धत आहे, 1993 साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने केलेली, शिकायच्या साहित्यात बऱ्याचदा तीच दिसेल. त्यात जिथे ग, ब, द यांची रोमन अक्षरं दिसतात तिथे खरा उच्चार आपल्या क, प, त च्या जवळ असतो, आणि रोमन क, प, त दिसले की तिथे ख, फ, थ म्हणायचं. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक जिभेवर आणायला घाम फुटतो, आपण तो बाराखडीतच शिकलोय. शिवाय "चमचा" मधला च असतो ना, दाताला जीभ लागणारा, तोच च कँटोनीजमध्ये सारखा येतो. मी खाली सगळं याच हिशोबाने लिहिलंय, त्यामुळे इंटरनेटवर "गा याउ" वाचलं आणि इथे "का यौ" दिसलं तर गोंधळू नका. सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत, ते ऐकूनच घ्यावे लागतील. शेवटचा क, त, प अर्धवट तोंडातच अडवायचा, फोडायचा नाही.

मग तीन गट पाडा

नवीन वाक्प्रचार कळला की लगेच बोलायचा नाही, आधी त्याला गट द्यायचा. पहिला गट म्हणजे कुणालाही, कुठेही. दुसरा, फक्त बरोबरीच्या आणि ओळखीच्या लोकांत. तिसरा, समजून घ्यायचा पण तोंडातून काढायचा नाही. शंका असेल तर खालच्या गटात टाका. आणि तुमच्याच वयाचा, तुमच्याच हुद्द्याचा माणूस तो वाक्प्रचार दुसऱ्या कुणाला तरी बोलताना ऐकला की मगच वरच्या गटात न्या. टीव्ही मालिकेत ऐकलं हे पुरेसं नाही, मालिकेत गुंडही बोलतात.

कुणालाही चालतील असे

सुरुवात "का यौ" पासून. शब्दशः तेल घाल, म्हणजे जोर लाव, हिंमत धर. परीक्षा, मॅच, इंटरव्ह्यू, आजारी माणूस, सगळीकडे चालतं. इतकं पसरलंय की त्याचं शब्दशः इंग्रजी रूप 2018 साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत गेलं. दोनच ठिकाणी सांभाळा: कुणाच्या घरी मृत्यू झालाय तिथे हे म्हणत नाहीत, आणि "हाँगकाँगकरांनो, का यौ" ही 2019 च्या सरकारविरोधी आंदोलनातली घोषणा होती, तेव्हा शहराचं नाव जोडून रस्त्यात ओरडलात तर त्याचा अर्थ वेगळा घेतला जाऊ शकतो. मित्राला म्हणताना काही प्रॉब्लेम नाही.

आभार मानायचे दोन शब्द आहेत आणि नवशिके इथेच अडकतात. कुणी दार धरलं, चहा आणून दिला, रस्ता सांगितला, तर "म् कोइ". कुणी भेट दिली, जेवणाचं बिल भरलं, कौतुक केलं, तर "तो चे". वेटरला हाक मारायलाही "म् कोइ" च. लाल मिनीबसमध्ये घंटा नसते तेव्हा ड्रायव्हरला ओरडून सांगावं लागतं, "छिन मिन यौ लॉक, म् कोइ", पुढे उतरायचंय. हे मोठ्याने म्हणायची लाज वाटली तर दोन स्टॉप पुढे जाल, म्हणून घरी चार वेळा ओरडून बघा.

"सिक चो फ़ान मेइ", जेवलास का? हे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही, गावाकडे आपणही असंच विचारतो. उत्तरात मेनू सांगायचा नाही, जेवलो, तू? एवढंच. आणि "तक हान यम छा", वेळ मिळाला की चहाला भेटू. हे निरोपाचं वाक्य आहे. आपल्याकडे "या एकदा घरी" म्हणतो तसं, त्यावर लगेच तारीख मागायची नाही. खरंच बोलवायचं असेल तर तो वार आणि जागा सांगून बोलवेल.

"कै थुंग आप काँग", कोंबडी बदकाशी बोलतेय, म्हणजे दोघांना एकमेकांचं काही कळत नाहीये. नवीन माणसाने वापरायला हा सगळ्यात छान, कारण स्वतःच्या तोडक्या भाषेबद्दल बोलता येतं आणि समोरचा लगेच सैल होतो. "चप सांग" म्हणजे वेळ येईल तसं निभावून ने, प्रोजेक्टर बंद पडला, पाहुणे वाढले, चप सांग. आणि "ताइ थौ हा", मोठ्या डोक्याची कोळंबी, म्हणजे धांदरट, छत्री विसरणारा. आई पोराला म्हणते, मित्र मित्राला, पण साहेबाला म्हणू नका.

छा छान थेंग मधली भाषा

छा छान थेंग म्हणजे हाँगकाँगची चहा-नाश्त्याची हॉटेलं, आपल्या इराण्यासारखी घाईतली, शेअर टेबलवाली. स्लँगची प्रॅक्टिस करायला याच्याइतकी चांगली जागा नाही कारण इथे कुणी तुम्हाला जज करत नाही, ऑर्डर कळली की झालं, आणि चुकलात तर फार तर चुकीचा चहा येतो.

इथला किल्लीचा शब्द "चौ". म्हणजे पळ, निघून जा. जे नको त्याच्या आधी लावायचा. "चौ पिंग", बर्फ नको. "चौ छेंग", कांद्याची पात नको. "फ़ेइ सा चौ नाइ", वाळू उडव दूध पळव, म्हणजे साखर नको दूध नको. "छा चौ" मात्र उलटं आहे, चहा पळव असं नाही, साखर आणि बाष्पीकृत दुधाऐवजी कंडेन्स्ड मिल्क घातलेला चहा. गोड कमी हवं तर "सिउ थिम". पार्सल हवं तर "हांग काइ", रस्त्यावर फिरायला जाणारं. बिल म्हणजे "माइ तान".

वेटर आतल्या आचाऱ्याला ओरडतो तेव्हा "लेंग चै" म्हणजे देखणा पोरगा, पण ताटात येतो साधा पांढरा भात, आणि "लेंग नोइ", सुंदर मुलगी, म्हणजे साधी पेज. हे तुम्ही ऑर्डर देताना म्हणायची गरज नाही, ऐकून कळलं की पुरे. बाजारात हेच दोन शब्द गिऱ्हाइकाला हाक मारायला वापरतात, वय वगैरे काही बघत नाहीत. तुम्हीही भाजीवालीला बिनधास्त "लेंग नोइ" म्हणा, ती साठीची असली तरी. "सि नाइ" म्हणू नका, त्याचा अर्थ गृहिणी असला तरी काकूबाई असा टोन त्यात येतो आणि बायकांना तो आवडत नाही.

ऑफिसात

ऑफिसातले वाक्प्रचार बहुतेक दुसऱ्या गटातले. ऐकायला रोज येतील, बोलताना आजूबाजूला कोण आहे बघा.

"छाउ यौ-यू", माकूळ (स्क्विड) परतणं, म्हणजे नोकरीवरून काढणं. आपण नारळ देणं म्हणतो तेच. पूर्वी नोकर मालकाच्याच जागेत राहायचे, आपलं अंथरूण घेऊन यायचे, काढलं की अंथरुणाची वळकटी करून निघायचं, आणि माकूळ तव्यावर पडलं की तसंच गोल वळतं, असं त्याचं मूळ सांगतात. यातली मस्त गोष्ट अशी की तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर "साहेबाचं माकूळ परतलं" म्हणता येतं. हे फक्त जवळच्या सहकाऱ्याला, आणि ज्याची नोकरी खरंच गेलीय त्याच्यासमोर अजिबात नाही.

"छात हाइ", बूट पुसणं, म्हणजे मस्का लावणं. कुणाच्या पाठीमागेच बोलतात, त्यामुळे नवीन माणसाने जपून. "सिक सेइ माउ", मेलेलं मांजर खाणं, दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर घेणं. हा वाक्प्रचार मला फार आवडतो कारण त्यातली घुसमट बरोबर कळते, खाणाऱ्यालाही माहीत असतं मांजर आपलं नाही तरी गिळावं लागतं. स्वतःबद्दल बोलायला चालेल, पण मीटिंगमध्ये बोललात तर सरळ कुणावर तरी आरोप होतो हे लक्षात ठेवा.

"सिक सिउ सिउ, पान तोइ पिउ", थोडंसं येतं आणि आव आणतो प्रतिनिधीचा. यमक आहे म्हणून पटकन पाठ होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. स्वतःला लावून नम्रतेने म्हटलं तर लोक खूश होतात, मला येतं थोडंसंच पण सांगतो बापडा, असा अर्थ होतो. दुसऱ्याला लावलं तर अपमान. एकच वाक्य, पहिल्या गटातही आणि तिसऱ्यातही.

मग नाटकातून आलेले शब्द. कँटोनीज संगीत नाटक, ज्याला 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्याने रोजच्या भाषेला खूप दिलंय. "चाँग पान", गाताना तालावर आदळणं, आता त्याचा अर्थ काम फसणं. "लेइ फोउ", स्वरलिपी सोडून गेलेलं, आता कुठलीही अती झालेली गोष्ट, घरभाडं लेइ फोउ, गर्दी लेइ फोउ. "पाउ थोउ", पोट फुटणं, म्हणजे संहितेत नसलेलं ऐनवेळी बोलणं. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी माणसाला हे जास्त सांगावं लागत नाही. हे तिन्ही सभ्य आहेत, साहेबासमोरही चालतात.

एक महत्त्वाचं, लिहिताना. हाँगकाँगमध्ये ऑफिशियल पत्र, ईमेल प्रमाण लेखी चिनीत किंवा इंग्रजीत असतात, बोलीतलं कँटोनीज व्हॉट्सॲपवर. त्यामुळे ग्रुपवर साहेबाने स्लँग वापरली म्हणून तुम्ही ईमेलमध्ये वापरू नका.

मित्र, प्रेम आणि ग्रुप चॅट

"छोइ सोइ", पाणी फुंकणं, म्हणजे गप्पा ठोकणं, आणि टोन बदलला की फेकाफेकी करणं. चला छोइ सोइ करू म्हणणं गोड, तू छोइ सोइ करतोयस म्हणणं म्हणजे थापा मारतोयस. "सिक लिंग-मुंग", लिंबू खाणं, विचारलं आणि नकार मिळाला. लिंबू खाल्लेल्या मित्राला इतरांसमोर विचारू नका, तो स्वतः सांगेल तेव्हा हसा.

"फ़ाँग फ़ेइ-केइ", विमान सोडणं, म्हणजे येतो सांगून न येणं, टांग देणं. इथे नीट लक्ष द्या. क्रियापद "फ़ाँग" च हवं. त्याऐवजी "ता" लावलंत, म्हणजे विमान "मारणं", तर ते हस्तमैथुनासाठीचं अश्लील बोलणं होतं आणि अख्खं टेबल गप्प होईल. अर्धवट आठवत असेल तर साध्या भाषेत सांगा, तो आला नाही.

"तिन तंग ताम", विजेचा बल्ब, जोडप्याच्या मधे बसलेला तिसरा, आपण कबाब में हड्डी म्हणतो तो. बल्ब हवाबंद असतो, हवा आत-बाहेर जात नाही, आणि "म् थुंग हेइ", हवा जात नाही, याचा बोलीतला अर्थ समोरच्याची अडचण न कळणं. मी बल्ब व्हायला येत नाही, तुम्ही जा, असं म्हटलं तर सगळे हसतात आणि सुटकाही होते.

ग्रुप चॅटवर "छिम सोइ" म्हणजे बुडी मारून बसणं, वाचतो पण बोलत नाही, "फोउ थौ" म्हणजे डोकं वर काढणं. दोघांचं भांडण जुंपलं आणि बाकीचे मजा बघतायत तर ते "सिक फ़ा-संग", शेंगदाणे खाणं. मित्रांत ठीक, पण ज्याचं भांडण चाललंय त्याला हे दिसणार असेल तर टाइप करू नका.

"छी सिन", वायरी एकमेकींना चिकटल्या, डोकं फिरलंय का तुझं. दिवसाला पन्नासदा ऐकाल. जवळच्या माणसाला हसत म्हटलं तर प्रेम, टॅक्सीवाल्याला म्हटलं तर भांडण. शेवटी येणारी छोटी अक्षरं, "आ", "ला", "लो", "मे", ही वाक्याचा राग-लोभ ठरवतात, आणि ती पुस्तकातून येत नाहीत, ऐकून ऐकूनच येतात.

अर्धंच बोलायची कला

कँटोनीजचा खरा खजिना इथे आहे. याला "हित हौ यू" म्हणतात, दोन भागांची म्हण, बोलायचा पहिला भाग आणि दुसरा ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा. "सोइ क्वा ता कौ", घोसाळ्याने कुत्र्याला मारलं. पुढचं: "म् किन चो चित", अर्धा तुकडा गायब. पैसे किंवा माल अर्धा उडाला की म्हणायचं. "पाक सिन स्योंग सा थान", पांढरी वाम वाळूवर आली, पुढचं "म् सेइ यत सन सान", मेली नाही तरी अंगभर चिकट, म्हणजे यातून वाचलो तरी लफडं अंगाला लागणारच. मालवणकडच्या लोकांना ही वाम डोळ्यासमोर लगेच येईल.

"छिउ चौ यम ङॉक", तिओचिऊ लोकांचं (दक्षिण चीनमधला एक समाज) संगीत. पुढचा भाग "चि केइ कू चि केइ", ज्याने त्याने आपलं बघावं, तो त्या वाद्यांच्या आवाजासारखा ऐकू येतो. म्हणजे आपलं टीटीएमएम, तुझं तू माझं मी. बिल आल्यावर हसत म्हणायला बेस्ट, फक्त टेबलावर कुणी यजमान नसेल तेव्हा. वयस्कर माणसाने बोलावलं असेल तर तोच बिल देणार, तिथे हे म्हटलं तर त्याचा मान जातो.

शिकायची पद्धत: आधी दोन्ही भाग पाठ करा, मग बोलताना पहिलाच बोला आणि थांबा. समोरच्याने दुसरा भाग पुरा केला तर बरोबर जमलं. त्याचा चेहरा कोरा राहिला तर एकतर सूर चुकला किंवा तो तरुण आहे, कारण यातल्या बऱ्याच म्हणी आता आजी-आजोबांच्या पिढीच्या झाल्यात. एक बाजूला ठेवायची गोष्ट, यात आंधळे, काणे, ओठ फाटलेले यांच्यावरच्या म्हणी खूप आहेत. त्या ऐकाल, समजून घ्या, बोलू नका.

आणि जेव्हा बोलायचंच नसेल त्यासाठीही वाक्प्रचार आहे, "वाक कुंग-चै म् सै वाक छोत छ्योंग", बाहुलीचं चित्र काढताना आतडी काढायची गरज नाही. समजलं ना, मग उघड करून सांगायला नको.

तिसरा गट, फक्त कानासाठी

"फुक काइ", रस्त्यात पालथा पड, म्हणजे मर. हाँगकाँग, मलेशिया दोन्हीकडे ऐकाल, चिडून स्वतःशी पण म्हणतात. बाहेरच्या माणसाच्या तोंडी ही शिवी दुप्पट जड वाटते. याशिवाय पाच मोठ्या शिव्या आहेत ज्यांच्या जागी लोक जवळच्या आवाजाचे सभ्य शब्द घालतात. सात आणि नऊ या आकड्यांचा सूर चुकला तर त्याच कुटुंबातले शब्द होतात, म्हणून लिफ्टमधले मजले सांगतानाही सूर जपा.

"ताइ लुक मोउ", हिरवी टोपी घालणं, बायकोने फसवलेला नवरा. म्हणायचं तर नाहीच, आणि हिरवी टोपी भेट पण द्यायची नाही. "सिक यून फ़ान", मऊ भात खाणं, बायकोच्या पैशावर जगणारा, मस्करीतही लागतं.

"माइ चू-चै", डुकराची पिल्लं विकणं. आज बस मधेच बंद पडून प्रवाशांना दुसऱ्या गाडीत कोंबलं की लोक म्हणतात आम्हाला विकलं. पण मूळ एकोणिसाव्या शतकातलं आहे, दक्षिण चीनमधल्या गरिबांना करारावर फसवून मकावमार्गे क्यूबा, पेरूला पाठवायचे, तो मकावचा व्यापार 1874 मध्ये बंद झाला. ज्याच्या घराण्यात ती आठवण आहे त्याच्यासमोर हा विनोद नको.

आता आपल्याबद्दलचा शब्द. "आ छा", दक्षिण आशियाई माणसासाठी. काही जण सवयीने म्हणतात, वाईट हेतू नसतो, पण शब्द हिणवणाराच आहे, आणि तो मस्करीत स्वतःला लावून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण मग समोरचा तो दुसऱ्या भारतीयालाही लावतो. सरळ सांगा, "यन तोउ यन", भारतीय. शांतपणे एकदा सांगितलं की बहुतेक लोक पुन्हा म्हणत नाहीत.

अशुभ टाळायची बोली

आपण नारळ फोडत नाही, वाढवतो, निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, तसंच तिथे आहे आणि फार मनापासून पाळतात. रिकाम्या घराला "कत उक" म्हणतात, शुभ घर, कारण रिकामं या शब्दाचा उच्चार अशुभ शब्दासारखा आहे. चार या आकड्याचा आवाज मरणाजवळ जातो म्हणून कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो. चिनी नववर्षात तुमच्या तोंडून काही अभद्र निघालं तर लगेच "ताइ कत लेइ सि" म्हणा, किंवा कुणी म्हणेल "थोउ हौ सोइ काँग क्वो", थुंकून पुन्हा नीट बोल. रागावू नका, ती तुमच्याच भल्याची काळजी आहे, हसून शब्द बदला.

रोजचा सराव

आठवड्याला तीनच वाक्प्रचार घ्या. वहीत अर्थाच्या आधी हे लिहा: कुणी कुणाला म्हटलं, कुठे, समोरचा हसला का. अर्थ नंतर. शोधायला वर्ड्स डॉट एचके ही हाँगकाँगकरांनी मिळून केलेली ऑनलाइन डिक्शनरी उत्तम, तिथे उदाहरणासकट सापडतं. गूगल ट्रान्सलेटमध्ये 2024 पासून कँटोनीज आहे, पण वाक्प्रचारासाठी त्यावर विसंबू नका, माकूळ परतल्याचं तो रेसिपी करून देऊ शकतो. सुरांसाठी रेडिओ लावून ठेवा, फोन-इन कार्यक्रम सगळ्यात चांगले कारण तिथे आजीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे बोलतात.

नवीन काही ऐकलं की तिथल्या तिथे विचारा, "मत ये यि सि?", काय अर्थ? आणि त्यानंतर दुसरा प्रश्न विसरू नका, हे मी साहेबाला म्हणू शकतो का? समोरचा खो खो हसला तर तिसरा गट. थोडा विचार करून "मित्राला म्हण" म्हणाला तर दुसरा. लगेच हो म्हणाला तर त्याच संध्याकाळी चहाच्या दुकानात वापरून बघा.